अस्थिभंजक कोशिका

अस्थिभंजक कोशिका : हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून त्यातील खनिज द्रव्य विरघळविणाऱ्या आणि त्यातील प्रथिनांचे विघटन करणाऱ्या अनेककेंद्रकी मोठ्या कोशिकांना ‘अस्थिभंजक कोशिका’ अथवा ‘ऑस्टिओक्लास्ट’ म्हणतात. त्यांच्या या कार्याला ‘अस्थिशोषण’ असे नाव आहे. हाड बाहेरून निर्जीव व स्थिर भासत असले, तरी ते एक जिवंत ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) असून त्यातील झीज व भर आयुष्यभर चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सु. एक दशांश भाग दरवर्षी काढून टाकला जातो व त्या जागी नवे हाड घातले जाते. जुने हाड काढण्याचे काम अस्थिभंजक कोशिका आणि नवे हाड घालण्याचे काम अस्थिजनक कोशिका करतात. [⟶ अस्थी].

अस्थिभंजक कोशिका शरीरात तयार स्थितीत साठविलेल्या नसतात. ज्या ठिकाणी व ज्या वेळी हाड काढावयाचे असेल तेथे त्या रक्तातून आलेल्या पूर्वगामी कोशिकांपासून घडविल्या जातात. ही घडण करविणारा संदेश मुख्यत्वे हाड बांधणाऱ्या वंशाच्या कोशिकांकडूनच येतो आणि तो संदेश अडविणारे प्रथिनही त्याच कोशिका स्रवतात. मोडणाऱ्याची नेमणूक बांधणाऱ्याच्या हाती असावी, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यातील समतोल एका बाजूस ढळल्यास हाडे विरळ व ठिसूळ होतात, तर दुसऱ्या बाजूस ढळल्यास ती अतिघन होऊन त्यांतील मज्जेची पोकळी बुजते. हाडांच्या अनेक विकारांचे कारण व त्यांवरील आधुनिक उपचारांचे तत्त्व या समतोलातच सापडते.

रचना व कार्य : पूर्ण वाढलेल्या अस्थिभंजक कोशिकेचा व्यास सामान्यतः ५० ते १०० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) असून तीत बहुधा ३ ते २० केंद्रके असतात. ही कोशिका हाडावर बसली म्हणजे प्रथम आपल्या कडेने एक वर्तुळाकार पट्टा हाडाशी घट्ट चिकटविते. त्यामुळे कोशिका व हाड यांच्यामध्ये चहूबाजूंनी बंद अशी एक जागा तयार होते. या जागेकडील कोशिकापटलाला असंख्य वळ्या पडलेल्या असतात व त्यामुळे त्याचे क्षेत्रफळ वाढते. कोशिकेतील कार्बॉनिक ॲनहायड्रेज या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने हायड्रोजन आयन (विद्युत् भारित अणू) तयार होतात. ते वळीदार पटलातून बंद जागेत लोटले जातात व त्यांच्या जोडीने क्लोराइड आयनही जातात. परिणामी तेथील पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारे मूल्य) सु. ४·५ पर्यंत खाली येते आणि हाडातील कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक विरघळतात. त्यानंतर उघड्या पडलेल्या कोलॅजेन प्रथिनाचे तंतू कॅथेप्सीन-के या एंझाइमाने तोडले जातात. अशा रीतीने हाडावर जो खळगा पडतो त्याला ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन हाउशिप यांच्या नावावरून ‘हाउशिप खळगा’ म्हणतात.

एका ठिकाणचे हाड काढण्यास साधारणपणे तीन आठवडे लागतात, परंतु तो खळगा नव्या हाडाने भरून येण्यास तीन ते चार महिने लागतात. मोडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून पुष्कळच अधिक असल्यामुळे एकाच वेळी किती ठिकाणी खळगे पाडले जावेत यावर काटेकोर नियंत्रण आवश्यक ठरते. हे नियंत्रण प्रत्येक कोशिकेच्या कामावर असते, तसेच किंवा त्याहूनही अधिक प्रमाणात, मुळात किती कोशिका निर्माण व्हाव्यात यावर असते.

अस्थिशोषणाची शरीराला तीन कारणांसाठी गरज असते. पहिले, वाढत्या वयात हाडाला योग्य आकार देणे व दात बाहेर येण्यास वाट करून देणे. दुसरे, रोजच्या वापराने सूक्ष्म भेगा पडलेले जुने हाड काढून टाकणे आणि तिसरे, रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण स्थिर राखणे. शरीरातील सु. ९९% कॅल्शियम हाडांत असते. रक्तरसातील त्याचे प्रमाण मात्र १०० मिलि. मध्ये सु. ९ ते १०·५ मिग्रॅ. एवढ्या अरुंद मर्यादेत राखावे लागते. हृदय, स्नायू व तंत्रिका (मज्जा) यांचे कार्य त्यावर अवलंबून असते. आहारातून कॅल्शियम कमी मिळाले, तर ही तूट हाडातून भरून काढली जाते.

उत्पत्तीविषयीचे संशोधन : स्विस शारीरविज्ञ आल्बेर्ट फोन कलिकर (१८१७–१९०५) यांनी १८७३ मध्ये या कोशिकांचे सविस्तर वर्णन करून त्यांना नाव दिले व हाडाचे शोषण त्याच करतात असे प्रतिपादन केले. त्यांच्या उत्पत्तीविषयी मात्र त्यानंतर सु. शंभर वर्षे मतभेद होते. हाडातच राहत असल्याने त्या अस्थिजनक कोशिकांच्याच वंशातील असाव्यात, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता.

या प्रश्नाचे उत्तर अस्थिघनता विकार असलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले. या उंदरांत अस्थिशोषण होत नसल्याने त्यांची हाडे भरीव होतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड वॉकर यांनी अशा उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराच्या रक्ताभिसरणाशी जोडले तेव्हा रोगी उंदराच्या हाडांतील शोषण सुरू झाले. १९७५ मध्ये त्यांनी निरोगी उंदराच्या अस्थिमज्जेतील व प्लीहेतील कोशिकांचे रोपण करूनही तोच परिणाम घडवून आणला. यांवरून अस्थिभंजक कोशिकांचे मूळ रक्तकोशिका निर्माण करणाऱ्या ऊतकात आहे हे सिद्ध झाले. एककेंद्रक श्वेत कोशिका व महाभक्षी कोशिका (जंतू व मृत कोशिका गिळणाऱ्या मोठ्या कोशिका) ज्या वंशात उत्पन्न होतात, त्याच वंशाची ही एक शाखा आहे. त्या वंशातील अनेक पूर्वगामी कोशिका एकमेकींत मिसळून एक अस्थिभंजक कोशिका बनते आणि म्हणूनच तीत अनेक केंद्रके असतात. १९८० मध्ये अमेरिकेत या विकाराच्या एका बालकावर अस्थिमज्जारोपणाचा यशस्वी उपचार झाल्याचे प्रसिद्ध झाले व प्राण्यांवरील निष्कर्ष माणसालाही लागू पडतो हे स्पष्ट झाले.

वंश निश्चित झाला, तरी या कोशिकांना आज्ञा कोण देते हा प्रश्न उरला होता. परावटू ग्रंथीचे हॉर्मोन (अंतःस्रावी ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणारा उत्तेजक पदार्थ) अस्थिशोषण वाढविते हे ज्ञात होते. परंतु त्या हॉर्मोनाला पकडणारी ग्राही प्रथिने अस्थिजनक कोशिकांवर आढळत. यावरून जी. ए. रोडान व टी. जे. मार्टिन यांनी १९८१ मध्ये असे गृहीतक मांडले की, हॉर्मोनाचा संदेश प्रथम अस्थिजनक कोशिकांना मिळतो व त्या तो पुढे अस्थिभंजक कोशिकांकडे पोहोचवितात. १९८८ मध्ये जपानमधील तात्सुओ सुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या प्लीहेतील कोशिका अस्थिजनक कोशिकांबरोबर एकाच पात्रात वाढवून अस्थिभंजक कोशिका निर्माण करून दाखविल्या. दोन्ही प्रकारच्या कोशिकांमध्ये सच्छिद्र पडदा ठेवून त्यांचा प्रत्यक्ष स्पर्श टाळल्यास मात्र अस्थिभंजक कोशिका निर्माण होत नसत. संदेश देणारा पदार्थ अस्थिजनक कोशिकेच्या पृष्ठभागालाच जोडलेला असावा, असे अनुमान यावरून निघाले.

संदेशक प्रथिने : या कार्यातील तीन प्रथिने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले प्रथिन एम-सीएसएफ या नावाने ओळखले जाते. ते पूर्वगामी कोशिकांना जिवंत ठेवते, त्यांची संख्या वाढविते व पुढील संदेश ग्रहण करण्यास त्यांना सिद्ध करते. ज्या उंदरांत या प्रथिनाच्या जीनमध्ये (आनुवंशिक घटकामध्ये) दोष असतो त्यांत अस्थिभंजक कोशिका फारच थोड्या असतात, असे १९९० मध्ये दिसून आले.

दुसरे प्रथिन प्रत्यक्ष निर्मितीचा आदेश देणारे असून त्याला ‘रँकएल’ असे संक्षिप्त नाव आहे. तिसरे प्रथिन ऑस्टिओप्रोटेगेरीन (ओपीजी) हे होय. ‘हाडाचे रक्षण करणारे’ असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. शोधाच्या क्रमात हे तिसरे प्रथिन आधी सापडले. १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, ज्या उंदरांच्या शरीरात हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करविले जाते त्यांची हाडे अतिघन होतात व त्यांत अस्थिभंजक कोशिका कमी असतात. जपानमधील एका गटानेही स्वतंत्रपणे हेच प्रथिन शोधले. हे प्रथिन ज्याला चिकटते तो पदार्थ कोणता याचा शोध घेतला असता १९९८ मध्ये दोन्ही गटांच्या हाती रँकएल आले. त्यापूर्वी एक वर्ष हेच प्रथिन प्रतिरक्षा यंत्रणेच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या यंत्रणेच्या) अभ्यासकांनाही निराळ्या संदर्भात सापडले होते. त्यामुळे त्याला काही काळ चार वेगवेगळी नावे होती.

पूर्वगामी कोशिकेच्या पृष्ठभागावर ‘रँक’ नावाचे ग्राही प्रथिन असते. रँकएल त्याला जोडले गेले म्हणजे कोशिकेच्या आत अस्थिभंजक होण्याचा आदेश पोहोचतो. ऑस्टिओप्रोटेगेरीन हे रचनेने ग्राही प्रथिनासारखे असले, तरी ते कोशिकेला जोडलेले नसून ऊतकद्रवात मोकळे असते. ते रँकएलला वाटेतच पकडते व त्यामुळे आदेश पूर्वगामी कोशिकेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून रँकएल व ऑस्टिओप्रोटेगेरीन यांच्या परस्पर प्रमाणावर अस्थिभंजक कोशिकांची संख्या ठरते. १९९९ मध्ये रँकएलचा जीन काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास झाला. त्यांत अस्थिभंजक कोशिका अजिबात नव्हत्या, दात हिरड्यांबाहेर येत नव्हते व लसीका ग्रंथीही तयार झालेल्या नव्हत्या. उलट ऑस्टिओप्रोटेगेरीन नसलेल्या उंदरांची हाडे विरळ होऊन मोडत. २०११ मध्ये असेही आढळून आले की, प्रौढावस्थेत रँकएलचा मोठा पुरवठा हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिकोशिका करतात. या कोशिका अस्थिजनक कोशिकांपासूनच बनलेल्या असतात व त्यांच्या बारीक शाखांचे जाळे हाडभर पसरलेले असते. हाडावर पडणारा भार व त्यातील सूक्ष्म भेगा यांची जाणीव त्यांना होत असल्याने, कोठे दुरुस्ती हवी हे ठरविण्यास त्या विशेष सोयीच्या जागी असतात.

कोशिकेच्या आतील संदेशवहन : रँकएल रँकला जोडले गेल्यावर रँकच्या आतील टोकाशी ट्राफ-६ हे प्रथिन येऊन मिळते. त्यामुळे एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाला डांबून ठेवणारे दुसरे प्रथिन नष्ट होते व मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते. त्याच सुमारास सी-फॉस हे प्रथिनही तयार होऊ लागते. ही दोन्ही प्रथिने जीन कार्यान्वित करणारी आहेत. सी-फॉस नसलेल्या उंदरांत अस्थिभंजक कोशिका बनत नाहीत; त्यांच्या पूर्वगामी कोशिका महाभक्षी कोशिकांकडे वळतात, हे १९९४ मध्ये दाखविण्यात आले. एकाच पूर्वगामी कोशिकेपुढे दोन वाटा असतात व कोणती वाट घ्यावयाची हे आतील प्रथिनांवरून ठरते, हा या निष्कर्षाचा अर्थ होय.

या दोन प्रथिनांच्या संयुक्त कार्यामुळे एनएफएटीसी-१ या तिसऱ्या नियंत्रक प्रथिनाची निर्मिती सुरू होते. अस्थिभंजक कोशिकेच्या घडणीतील त्याचे प्रमुख स्थान जपानी शास्त्रज्ञ हिरोशी ताकायानागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्पष्ट केले. या प्रथिनाला कार्यक्षम करण्यासाठी कोशिकेतील कॅल्शियमाच्या पातळीत वारंवार चढउतार व्हावे लागतात. त्यासाठी रँकखेरीज आणखी काही सहायक ग्राही प्रथिनांकडूनही संदेश यावा लागतो, असे २००४ मध्ये आढळले. म्हणजे केवळ एका संदेशावर ही कोशिका घडत नाही. एनएफएटीसी-१ एकदा कार्यक्षम झाले म्हणजे ते स्वतःच्याच जीनला चेतना देऊन आपले प्रमाण वाढविते. त्यानंतर कोशिका मागे वळणे कठीण होते. पूर्वगामी कोशिकांचे परस्परांत मीलन घडविणारी, अम्ल बाहेर लोटणारी व कोलॅजेन तोडणारी प्रथिने या एका नियंत्रकाच्या आज्ञेने तयार होतात.

हॉर्मोने व प्रतिरक्षा यंत्रणा यांचा प्रभाव : शरीराच्या निरनिराळ्या भागांतून येणारे अनेक संदेश अखेर रँकएल व ऑस्टिओप्रोटेगेरीन यांच्या प्रमाणातच उतरतात. रक्तातील कॅल्शियम कमी झाले की, परावटू ग्रंथींचे हॉर्मोन वाढते व त्यामुळे अस्थिजनक वंशाच्या कोशिका अधिक रँकएल निर्माण करतात. स्त्रीमदजन (स्त्रीत्वाची लक्षणे विकसित करणारे हॉर्मोन) याच्या उलट कार्य करते. ऋतुनिवृत्तीनंतर ते कमी झाले म्हणजे अस्थिभंजक कोशिकांची निर्मिती व आयुर्मान दोन्ही वाढतात. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या किंवा अंगघात झालेल्या रुग्णाच्या हाडांवर भार पडत नाही. त्यामुळे त्याच्या अस्थिकोशिका अधिक रँकएल स्रवतात व हाडे विरळ होतात.

प्रतिरक्षा यंत्रणेतील टी-लसीका कोशिकाही रँकएल निर्माण करतात. संधिवाताभ संधिशोथ (सांध्यांना सूज येऊन ते विरूप करणारा दीर्घकालीन रोग) या विकारात सुजलेल्या सांध्यातील या व इतर कोशिका रँकएल व टीएनएफ यांसारखी प्रथिने स्रवतात आणि सांध्याजवळील हाड कुरतडले जाते. परंतु त्याच टी-लसीका कोशिका अस्थिभंजक कोशिकांना अटकाव करणारे पदार्थही निर्माण करतात. इंटरफेरॉन-गॅमा हा त्यांपैकी एक असून तो ट्राफ-६ चा नाश घडवून आणतो, असे २००० मध्ये आढळले. एकाच यंत्रणेतून परस्परविरोधी संदेश निघत असल्यामुळे रोगात कोणता पदार्थ वरचढ ठरतो याला महत्त्व येते.

पुणे येथील संशोधन : या प्रश्नावर महाराष्ट्रात महत्त्वाचे काम झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या (सध्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या) आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात मोहन वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-३ या प्रथिनाचा अभ्यास केला. उत्तेजित टी-लसीका कोशिका हे प्रथिन स्रवतात व रक्तकोशिकांच्या वाढीस ते चालना देते, हे पूर्वीपासून माहीत होते. २००३ मध्ये या गटाने असे दाखविले की, उंदराच्या पूर्वगामी कोशिकांना एम-सीएसएफ व रँकएल यांच्या जोडीने इंटरल्यूकिन-३ दिले, तर त्या अस्थिभंजक न बनता महाभक्षी कोशिकांच्या वाटेने जातात. हा परिणाम पुन्हा पालटत नाही. इंटरल्यूकिन-३ मुळे एनएफ-कप्पा-बी चा केंद्रकात होणारा प्रवेश रोखला जातो, असे त्यांना आढळले. टीएनएफमुळे होणारी अस्थिभंजक कोशिकांची निर्मितीही हे प्रथिन थांबविते, असे २००५ मध्ये व मानवी कोशिकांवरही त्याचा असाच परिणाम होतो, असे २०१० मध्ये या गटाने प्रसिद्ध केले. मानवी अस्थिमज्जेतील मूलकोशिकांपासून अस्थिजनक कोशिका बनण्यास त्याची मदत होते, असे पुढील संशोधनात दिसून आले. पूर्वगामी कोशिकेपुढील दोन वाटांपैकी एक बाहेरून दिलेल्या संदेशाने बंद करता येते, हे या कामाचे मर्म होय.

विकार : अस्थिभंजक कोशिका निर्माण न झाल्यास किंवा निर्माण होऊनही त्यांना अम्ल बाहेर लोटता न आल्यास अस्थिघनता हा आनुवंशिक विकार होतो. त्याच्या तीव्र प्रकारात तान्ह्या बालकाची हाडे भरीव होतात, पण ती ठिसूळ असतात. मज्जेची पोकळी बुजल्याने पांडुरोग (रक्तक्षय) होतो, जंतुसंसर्ग वारंवार होतात व प्लीहा वाढते. कवटीतील छिद्रे अरुंद होऊन दृष्टितंत्रिकेवर दाब पडल्याने अंधत्व येते. उपचार न झाल्यास असे बालक बहुधा बालपणीच दगावते. अस्थिभंजक कोशिका रक्ताच्या वंशातील असल्यामुळे अस्थिमज्जारोपण हा त्यावरील प्रमुख उपचार असून डोळ्यांना इजा होण्यापूर्वी तो करणे इष्ट असते. मात्र काही थोड्या रुग्णांत दोष रँकएलच्या जीनमध्ये असतो, असे २००७ मध्ये आढळले. त्यांच्या पूर्वगामी कोशिका निर्दोष असतात, पण आदेश देणारे प्रथिनच नसते. दात्याची मज्जा रोपण केली तरी हाड बांधणाऱ्या कोशिका रुग्णाच्याच राहतात. त्यामुळे अशा रुग्णांना रोपणाचा उपयोग होत नाही. म्हणून रोपणापूर्वी दोष आदेश देणाऱ्यात आहे की घेणाऱ्यात आहे, हे जीनच्या तपासणीने ठरविणे आवश्यक असते.

या विकाराचा तीव्र प्रकार अप्रभावी जीनमुळे होतो, म्हणजे सदोष जीन आई व वडील या दोघांकडून आल्यासच तो प्रकट होतो. आईवडील परस्परांचे रक्ताचे नातलग असल्यास असा योग येण्याची शक्यता वाढते. मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची जुनी चाल आहे. हा विकार एकंदरीत दुर्मिळच आहे. तरीही ज्या कुटुंबात असे एक बालक जन्मले असेल त्या कुटुंबाने पुढील अपत्यापूर्वी आनुवंशिकीविषयक वैद्यकीय सल्ला घेणे हितावह ठरते.

याच्या उलट अस्थिशोषण अस्थिनिर्मितीहून अधिक झाल्यास अस्थिविरलता (ऑस्टिओपोरोसिस या नावाने परिचित असलेला विकार) उद्‌भवते. ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत ती विशेष आढळते व किरकोळ पडण्यानेही मनगट, मणका वा खुबा मोडतो. स्तनाचा कर्करोग हाडात पसरतो तेव्हा कर्ककोशिका अस्थिजनक कोशिकांकरवी रँकएल वाढवितात. हाड शोषले जात असताना त्यातून मोकळी होणारी वृद्धिकारक द्रव्ये पुन्हा कर्ककोशिकांनाच पोसतात व असे दुष्टचक्र सुरू होते.

नांदेड–लातूर परिसर व अस्थिफ्ल्युओरोसिस : आहारातील व पाण्यातील द्रव्यांचा या समतोलाशी कसा संबंध पोहोचतो, याचे उदाहरण मराठवाड्याच्या पूर्व भागात मिळते. लातूर जिल्हा व नांदेड जिल्ह्याचा पश्चिम भाग हा मुख्यत्वे बेसाल्ट खडकाचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे मात्र ग्रॅनाइट व नाइस हे प्राचीन खडक उघडे पडले आहेत. ग्रॅनाइटी खडकांत फ्ल्युओरीनयुक्त खनिजे असल्यास त्यांतून फ्ल्युओराइड भूजलात उतरते. यवतमाळ व तेलंगणातील आदिलाबाद या जिल्ह्यांना लागून असलेल्या किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिग्रॅ. पर्यंत असावे व दुसरा स्रोत नसल्यास १·५ मिग्रॅ. पर्यंत चालते.

असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास बालकांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठर होतात. या विकाराला फ्ल्युओरोसिस म्हणतात. भारतातील त्याचे पहिले सविस्तर वर्णन १९३७ मध्ये नेल्लोर भागातून प्रसिद्ध झाले. फ्ल्युओराइड हाडाच्या स्फटिकात शिरल्याने तो अम्लात कमी विरघळतो. तसेच ते अस्थिजनक कोशिकांना उत्तेजित करते. त्यामुळे पाठीच्या कण्याची हाडे घन होतात. परंतु नवे हाड घालण्यासाठी कॅल्शियम लागते. आहारात ते कमी असल्यास रक्तातील कॅल्शियम खाली येऊ पाहते, परावटू ग्रंथी उत्तेजित होतात व त्यांच्या हॉर्मोनामुळे रँकएल वाढून अन्यत्र अस्थिशोषण सुरू होते. म्हणूनच एकाच रुग्णाच्या क्ष-किरण चित्रात कणा घन व हातापायांची हाडे विरळ असे विसंगत वाटणारे दृश्य दिसू शकते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये गुडघे आत वळलेल्या तरुण रुग्णांत असे बदल नोंदविले होते. सारखेच पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी ज्या घरात दूध व कॅल्शियमयुक्त अन्न कमी आहे तेथील मुलांना विरूपतेचा धोका अधिक असतो, तो यामुळेच. हाडांतील विरूपता एकदा आली की, ती औषधाने पूर्ववत होत नाही. त्यामुळे सुरक्षित पाण्याचा स्रोत व पुरेसे कॅल्शियम हाच खरा उपाय होय. पाण्यातील फ्ल्युओराइड काढण्यासाठी तुरटी व चुना वापरण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे.

उपचार : अस्थिविरलतेवरील औषधांचे कार्य अस्थिभंजक कोशिकांच्या ज्ञानावर आधारलेले आहे. बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाडाच्या खनिजाला चिकटून राहतात. हाड विरघळविताना ती अस्थिभंजक कोशिकेच्या पोटात जातात व तिचे कार्य बंद पाडतात. म्हणजे ती तयार झालेल्या कोशिकेवर परिणाम करतात. डेनोसुमॅब हे औषध मात्र निर्मितीच्या आधीच हस्तक्षेप करते. ते रँकएलला पकडणारे मानवी प्रतिपिंड (विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे रक्षक प्रथिन) असून त्याचे कार्य ऑस्टिओप्रोटेगेरीनासारखेच असते. २०१० मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. अस्थिविरलतेसाठी ते दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात.

या औषधाच्या अनुभवातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. ते मध्येच बंद केल्यास अस्थिशोषण पूर्वीपेक्षाही अधिक वेगाने उसळते व काही रुग्णांचे अनेक मणके थोड्याच काळात मोडतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात याचे एक संभाव्य कारण आढळले. अस्थिभंजक कोशिका काम संपल्यावर केवळ मरतात असे नसून, त्यांपैकी काही लहान कोशिकांत विभागल्या जातात व त्या लहान कोशिका पुन्हा एकत्र येऊन नवी अस्थिभंजक कोशिका बनवू शकतात. रँकएल अडविले असताना अशा लहान कोशिका साठत जातात आणि अडथळा दूर होताच एकदम कामाला लागतात. म्हणून हे औषध वैद्याच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये किंवा त्याची मात्रा लांबणीवर टाकू नये आणि ते थांबवावयाचे झाल्यास त्याच्या पाठोपाठ बिस्फॉस्फोनेट गटातील औषध द्यावे, असे सुचविले जाते. दोन्ही प्रकारच्या औषधांमुळे क्वचित जबड्याच्या हाडाचा काही भाग मृत होतो. त्यामुळे उपचारापूर्वी दातांची तपासणी करून घेणे योग्य असते.

अस्थिशोषण पूर्णपणे थांबविणे हे कोणत्याही उपचाराचे उद्दिष्ट नसते. ते फार काळ दडपून ठेवल्यास जुन्या हाडातील भेगा दुरुस्त न होता साठत जातात व मांडीच्या हाडासारखी बळकट हाडेही क्वचित आडवी मोडतात. पुरेसे कॅल्शियम, सूर्यप्रकाशातून किंवा औषधातून मिळणारे ड जीवनसत्त्व आणि हाडांवर भार पडेल असे नियमित श्रम यांमुळे दोन्ही संदेशांचे प्रमाण बऱ्याच अंशी योग्य राहते. औषधांची योजना त्यांना पूरक म्हणून केली जाते.